काकांच्या ताटातून एकेक पदार्थ गायब होतोय

पत्र (थोडं कापून देतेय): "माझं वय ६६, ह्यांचं ७१. सात महिन्यांपूर्वी ह्यांच्या रुटीन ब्लड टेस्टमधे सीआरपी ६.२ आणि ईएसआर ३२ आला (दोन्ही शरीरातली सूज, म्हणजे इन्फ्लमेशन, दाखवणारे आकडे), दोन्ही लाल अक्षरात. तेव्हापासून हे दिवसभर मोबाईलवर गट हेल्थचे, म्हणजे आतड्याच्या आरोग्याचे व्हिडिओ बघतात. शरीरात सूज आहे आणि ती आतड्यातूनच येते हे डोक्यात पक्कं बसलंय. आधी दूध बंद, मग गहू, मग डाळी कारण गॅस होतो, मग फळं कारण साखर. आता मऊ भात, उकडलेला बटाटा आणि कधीतरी अंडं एवढंच खातात. वजन ६८ वरून ६२ झालंय. गुडघ्यांसाठी पेनकिलर चालू आहे, अ‍ॅसिडिटीची गोळी चार वर्षं आहे, वर प्रोबायोटिक (चांगल्या जंतूंच्या कॅप्सूल), मॅग्नेशियम आणि हळदीच्या अर्काच्या कॅप्सूल. सकाळी तीन-चार वेळा पातळ होते, तर म्हणतात घाण बाहेर पडतेय. मुलगा आता घरी करायची स्टूल टेस्ट मागवतोय. मी काही बोलले की तुला सायन्स कळत नाही. कुठलं प्रोबायोटिक चांगलं ते सांगा, आणि माझंच चुकतंय का तेही."

काकू, प्रोबायोटिकचं नंतर बोलू. तुमच्या पत्रातला मला सगळ्यात जास्त खटकलेला आकडा सीआरपीचा नाहीये, वजनाचा आहे. ६८ चे ६२ म्हणजे जवळजवळ नऊ टक्के वजन सात महिन्यात गेलं, आणि वय झालेल्या माणसाचं सहा ते बारा महिन्यात पाच टक्क्यांहून जास्त वजन उतरलं की डॉक्टर लोक कान टवकारतात. तुम्ही म्हणाल खाणंच कमी झालंय मग उतरणारच, हो, बहुतेक तेच कारण असेल, पण "बहुतेक" वर ७१ व्या वर्षी थांबायचं नसतं. सोबत सकाळचे पातळ जुलाब आहेत. तर ह्याच आठवड्यात डॉक्टरकडे जा, आणि जाताना काका जे जे गिळतात त्या सगळ्या बाटल्या, डबे, गोळ्यांची पाकिटं एका पिशवीत भरून न्या. नुसती नावं सांगू नका, पिशवीच न्या, कारण नावं सांगताना लोक "ते तर नॅचरल आहे" म्हणून निम्मं विसरतात.

डॉक्टरांना दोन गोष्टी आवर्जून सांगायच्या. एक, गहू बंद केलाय आणि कधीपासून ते. कारण सीलिअ‍ॅक म्हणजे गव्हातल्या ग्लूटेन नावाच्या प्रोटीनचा खरा आजार आहे का हे बघायची रक्ताची टेस्ट गहू खात असतानाच नीट कळते, बंद केल्यावर केली तर आजार असूनही निगेटिव्ह येऊ शकते, आणि मग आयुष्यभर कळतच नाही की होता का नव्हता. दोन, पेनकिलर नक्की किती, रोज का अधूनमधून, आणि सोबत बीपीची गोळी आहे का. पुढे हिमोग्लोबिन, आयर्न, थायरॉइड, शुगर, शौचातलं रक्त, आणि कॅलप्रोटेक्टिन नावाची एक शौचाची टेस्ट असते जी आतड्यात खरोखर सूज आहे का ते बऱ्यापैकी सांगते, ह्यातलं काय करायचं ते डॉक्टर ठरवतील. पण शौचात रक्त, काळी डांबरासारखी शौच, रात्री झोपेतून उठवणारे जुलाब, ताप, गिळताना अडकणं ह्यातलं काहीही असेल तर आठवडा कसला, उद्याच.

आता त्या लाल अक्षरांबद्दल. ईएसआर वयाबरोबर वाढतोच. डॉक्टरांचा एक जुना ढोबळ हिशोब आहे, पुरुषांमधे वयाच्या निम्म्यापर्यंत चालतो, बायकांमधे वयात दहा मिळवून निम्मा. ७१ चे निम्मे साडेपस्तीस. काकांचा ३२. लॅबचा कॉम्प्युटर मात्र विशीतल्या पोराला आणि काकांना एकाच पट्टीने मोजतो आणि लाल करून मोकळा होतो. सीआरपी ६.२ हा जास्त आहे, ते खरं, तीनच्या वर गेला की जास्तच म्हणतात. पण सीआरपीला पत्ता नसतो. तो लिव्हरमधे बनतो आणि शरीरात कुठेही सूज असली तरी वाढतो, हिरड्या सुजल्या, सर्दी होऊन गेली, पोटावर चरबी आहे, सिगरेट आहे, झोप नाही, काहीही. म्हणून एका टेस्टवर कोणी निष्कर्ष काढत नाही, निदान दोन आठवड्यांनी परत करून बघतात. काकांनी परत केली का? पत्रात तरी दिसत नाही. एका आकड्यावर माणसाने चार प्रकारचं अन्न सोडलं.

पण काका अगदीच हवेत बोलत नाहीयेत, आणि हे तुम्हालाही माहीत असायला हवं म्हणजे भांडण जरा कमी होईल. वय वाढतं तसं शरीरात एक बारीकशी, न दिसणारी, सतत चालू राहणारी सूज वाढत जाते, त्याला इन्फ्लमेजिंग म्हणतात, क्लॉडिओ फ्रान्चेस्की नावाच्या इटालियन शास्त्रज्ञाने २००० साली हा शब्द आणला. हार्ट, डायबेटिस, स्नायू झिजणं ह्या सगळ्याशी तिचा संबंध दिसतो. आणि तिचा एक धागा आतड्याकडे जातो हेही खरं. कॅनडातल्या मॅकमास्टर युनिव्हर्सिटीच्या लोकांनी २०१७ मधे उंदरांवर दाखवलं की ज्यांच्या आतड्यात जंतूच नाहीत असे उंदीर म्हातारे झाले तरी त्यांच्यात ही सूज तशी वाढत नाही, आणि अशा उंदरांना म्हाताऱ्या नॉर्मल उंदरांसोबत एका पिंजऱ्यात ठेवलं की वाढते, तरुणांसोबत ठेवलं तर नाही. पण त्याच अभ्यासात उलटी वाटही दिसली, सूज वाढवणारं टीएनएफ नावाचं प्रोटीन औषधाने दाबलं तर म्हाताऱ्या उंदरांचे जंतूही बदलले. म्हणजे आतडं सूज वाढवतं आणि सूज आतडं बिघडवते, दोन्ही. व्हिडिओवाले ह्यातला पहिला अर्धा भाग सांगतात आणि लगेच डबा विकायला काढतात.

तर काकांना रोग कळलाय अर्धा, आणि उपाय नेमका उलटा चाललाय. हे जरा सविस्तर सांगते कारण सगळं इथेच अडलंय.

आतड्याचं अस्तर म्हणजे फक्त एका पेशीच्या जाडीचा थर, दर चार-पाच दिवसांनी नवा होणारा. त्याच्यावर चिकट म्युकस असतो. त्याच्या पलीकडे जंतू, एका माणसात साधारण ३८ लाख कोटी, ऐकायला भयंकर पण वजन जेमतेम २०० ग्रॅम. हे जंतू आपल्याला न पचलेला फायबर खातात आणि त्यातून ब्युटिरेट नावाचं एक फॅटी अ‍ॅसिड बनवतात, आणि मोठ्या आतड्याच्या अस्तरातल्या पेशींचं मुख्य जेवण तेच असतं, रक्तातली साखर नाही, ब्युटिरेट. ते मिळालं की पेशी एकमेकींना घट्ट धरून बसतात आणि आतला कचरा रक्तात झिरपत नाही. आता फायबर येतच नसेल तर जंतू उपाशी बसतात का? नाही, त्यातले काही तो म्युकसच खायला लागतात. २०१६ मधे माणसाचे जंतू घातलेल्या उंदरांना फायबर नसलेलं खाणं दिलं तेव्हा हेच झालं, म्युकसचा थर पातळ झाला आणि रोगजंतू आत शिरायला मोकळे. काकांनी काय काय सोडलं ते परत वाचा: गहू, डाळी, फळं. फायबर येण्याच्या सगळ्या वाटा. सूज कमी करायला निघालेत आणि अस्तराचं जेवणच बंद करून बसलेत.

माणसांमधलं पण सांगते, नाहीतर काका म्हणतील उंदीर उंदीर काय लावलंय. आयर्लंडमधे १७८ वयस्कर लोकांचा अभ्यास झाला, २०१२ मधे छापून आला. जे घरी राहून नाना प्रकारचं खात होते त्यांच्या आतड्यात जंतूंचे प्रकार जास्त, जे कायमचे केअर होममधे होते, तेच ते मऊ खाणं, त्यांच्यात कमी, आणि ज्यांच्यात कमी त्यांच्यात अशक्तपणा आणि सूज जास्त. आता कोणी म्हणेल आधीच आजारी होते म्हणून केअर होममधे गेले, बरोबर आहे, नुसतं बघण्याच्या अभ्यासात कोंबडी आधी का अंडं आधी हे कळत नाही. म्हणून दुसरा बघा, युरोपातल्या पाच देशांतले ६१२ लोक, वय ६५ ते ७९, त्यातल्या काहींना वर्षभर भाज्या, फळं, कडधान्यं, सुकामेवा, ऑलिव्ह ऑइल, मासे असं मेडिटरेनियन पद्धतीचं खायला सांगितलं. ज्यांनी ते जास्त नीट पाळलं त्यांच्यात असे जंतू वाढले ज्यांचा संबंध कमी सीआरपीशी आणि कमी अशक्तपणाशी होता. आणि हे कशाने झालं, तर खाण्यात वाढवून झालं. कुणाचं काही हिरावून घेऊन नाही. चमत्कार वगैरे झाला नाही, कोणी धावायला लागलं नाही, पण दिशा कळते.

गॅस होतो म्हणून डाळी सोडल्या, ह्यात काकांचा दोष नाही, गॅस होतोच आणि त्रास होतो. पण गॅस म्हणजे सूज नाही. गॅस म्हणजे जंतू जेवतायत. पोट संवेदनशील असलेल्यांसाठी ऑस्ट्रेलियातल्या मोनाश युनिव्हर्सिटीने एक डाएट काढलं, लो फॉडमॅप, ज्यात गॅस करणारे पदार्थ बंद करतात, पण ते दोन ते सहा आठवडेच, मग एकेक करून परत आणायचे आणि नक्की कशाने त्रास होतो ते शोधायचं. लोक पहिली पायरी करतात आणि तिथेच मुक्काम ठोकतात. माझ्याकडे येणाऱ्यांपैकी कितीतरी जण असेच वर्ष-वर्ष अडकलेले असतात, चार पदार्थांवर, आणि पाचवा खाल्ला की खरंच त्रास होतो कारण आतड्याची सवयच गेलेली असते, मग त्यांना वाटतं बघा मी म्हणत होतो ना.

पातळ होण्याबद्दल मात्र मला हसू आलं, रागावू नका. मॅग्नेशियमने पातळ होतेच! बद्धकोष्ठाला डॉक्टर तेच देतात. आतड्यात पाणी ओढून घेतं, म्हणून. घाण-बिण काही बाहेर पडत नाहीये. आतड्यात घाण साठते आणि ती विष होते ही समजूत शंभर वर्षांपूर्वी मोठमोठ्या लोकांची होती, लंडनमधे आर्बथनॉट लेन नावाचे नामी सर्जन तर ह्याच कारणासाठी लोकांचं मोठं आतडं कापून काढायचे. आणि आंबट दुधातल्या जंतूंनी म्हातारपण लांबतं असं म्हणणारे शास्त्रज्ञ मेचनिकॉफ, ज्यांना १९०८ चं नोबेल मिळालं (ते वेगळ्या कामासाठी, इम्युनिटीवरच्या), ते स्वतः नेमाने आंबट दूध प्यायचे आणि गेले १९१६ मधे, वयाच्या ७१ व्या वर्षी. हे काकांना नका सांगू. तर मॅग्नेशियम स्वतःच सुरू केलेलं असेल तर आजपासून बंद करून बघा, डॉक्टरांनी दिलं असेल तर त्यांना विचारून. बंद करूनही जुलाब राहिले तर ते डॉक्टरांना नक्की सांगायचं, कारण ह्या वयात मायक्रोस्कोपिक कोलायटिस नावाचा एक प्रकार असतो, पाण्यासारखे जुलाब होतात आणि दुर्बिणीतून आतडं वरवर ठीकच दिसतं, तुकडा घेऊन तपासल्यावर कळतं, आणि पेनकिलर आणि अ‍ॅसिडिटीच्या गोळ्यांशी त्याचा संबंध असतो. म्हणजे काकांच्या दोन्ही गोळ्या.

त्या दोन गोळ्यांचं नाजूक आहे म्हणून नीट वाचा. गुडघेदुखीच्या बऱ्याच पेनकिलर आतड्याच्या अस्तराला ओरखडे काढतात, जठरालाच नाही खाली लहान आतड्यालाही, अल्सर होतो, रक्त झिरपतं, किडनीवर ताण येतो, बीपीच्या काही गोळ्यांसोबत तर जास्तच. अ‍ॅसिडिटीची गोळी वर्षानुवर्षं घेतली की बी-१२ कमी होऊ शकतं, आणि पोटातलं अ‍ॅसिड हे जंतूंना अडवणारं गेट असतं, ते सताड उघडं राहतं, मग आतड्यातली वस्ती बदलते. हे ऐकून काका उद्याच दोन्ही फेकून देतील तर थांबवा त्यांना! कारण पेनकिलर चालू असेपर्यंत ती अ‍ॅसिडिटीची गोळीच कदाचित जठर वाचवतेय, आणि ती एकदम बंद केली की अ‍ॅसिड उसळून येतं आणि माणसाला वाटतं गोळीशिवाय आपलं काही खरं नाही. आधी गुडघ्यांचं काय करता येईल ते बघायचं, व्यायाम, फिजिओ, वरून लावायचं पेनकिलर जेल जे वयस्कर लोकांच्या गुडघ्यांना बरंच चालतं आणि रक्तात फार कमी जातं, मग डॉक्टर ठरवतील कुठली गोळी कधी आणि कशी कमी करायची. हळदीच्या अर्काचं पण विचारा, स्वयंपाकातली हळद वेगळी आणि काळी मिरीचा अर्क घालून जास्त शोषली जाणारी कॅप्सूल वेगळी, अशा कॅप्सूलने लिव्हरला इजा झाल्याच्या केसेस आहेत, आणि रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर अजूनच जपून.

प्रोबायोटिक. खरं सांगू का, कुठलंच नाव सांगणार नाहीये. अँटिबायोटिकमुळे होणारे जुलाब टाळायला काही ठराविक प्रकारांचा उपयोग होतो, पण ७१ वर्षांच्या माणसाची सूज कमी कर म्हणून डब्यातली कॅप्सूल घ्यावी इतका पुरावा नाही. इम्युनिटी खूप कमी असलेल्यांना तर त्रासही होऊ शकतो. त्यापेक्षा दही. दूध सोसत नसेल त्यांनाही दही बहुतेक वेळा सोसतं कारण त्यातली लॅक्टोज, म्हणजे दुधातली साखर, जंतूंनी आधीच थोडी खाल्लेली असते. स्टॅनफर्डच्या २०२१ च्या एका अभ्यासात आंबवलेले पदार्थ भरपूर खाल्लेल्यांच्या रक्तातले सूज दाखवणारे १९ प्रोटीन कमी झाले. फक्त ३६ लोक होते, दोन गटांत वाटलेले, आणि म्हातारे आजारी कोणी नव्हते, म्हणून मी त्याच्यावर नाचत नाही, पण दही खायला कोणाची ना आहे. आणि गंमत म्हणजे त्यातच ज्या गटाने भरपूर फायबर वाढवला त्यांच्यात सूज सरसकट कमी झाली नाही, काहींची झाली काहींची नाही. म्हणून हळूहळू.

हळूहळू म्हणजे किती ते सांगते. डॉक्टरांनी तपासून मोकळं केल्यावर, आणि सीलिअ‍ॅकचं त्यांनी काय सांगितलं ते बघून, आठवड्याला एकच पदार्थ परत आणायचा. पहिली डाळ, सालं काढलेली, भिजवून अगदी मऊ शिजवलेली, दोन चमचे, खरंच दोनच, तीन-चार दिवस तेवढीच. गॅस होईल, होऊ द्या, पहिला आठवडा होणारच, पोटात दुखून वाकायला झालं तर थांबा. मग चार चमचे. पुढच्या आठवड्यात शिजवलेलं फळ किंवा पिकलेलं केळं. मग शिजवलेल्या भाज्या वेगवेगळ्या रंगांच्या, मग धान्य. दोन-तीन महिने लागतील ह्याला. पाणी सोबत वाढवायचं, हार्ट किंवा किडनीमुळे पाण्यावर बंधन असेल तर तेवढंच. आणि प्रोटीन, ह्या वयात वजनाच्या दर किलोला दिवसाला एक ते सव्वा ग्रॅमच्या आसपास लागतं म्हणजे काकांना साठ-सत्तर ग्रॅम, एका अंड्यात सहा-सात असतं, तुम्हीच हिशोब करा कुठे पोचतायत. गेलेल्या सहा किलोत चरबी किती आणि स्नायू किती हे कोणाला माहीत, आणि स्नायू गेले की गुडघे अजून दुखणार. किडनीचा रिपोर्ट ठीक असेल तरच हे प्रमाण, ते विचारून घ्या.

अजून एक, कोणी विचारत नाही असं. काकांचे दात कसे आहेत? माणूस मऊ मऊच खायला लागतो तेव्हा कधीकधी पोटापेक्षा तोंडातच घोळ असतो. माझ्या आईच्या बाबतीत आम्ही चार महिने तिच्या पोटाच्या मागे लागलो होतो, आणि निघाली काय तर सैल झालेली कवळी, चावताच येत नव्हतं तिला, आणि सांगायची लाज. हिरड्या सुजलेल्या असतील तर सीआरपी तिथूनही वाढतो.

स्टूल टेस्टचं मुलाला सांगा पैसे ठेव. त्यात जंतूंची लांबलचक यादी येईल, रंगीत चार्ट येतील, पण "नॉर्मल" काय हेच अजून ठरलेलं नाही त्यामुळे त्या यादीवरून उपचार ठरत नाहीत, आणि काकांचा स्वभाव बघता त्या चार्टवरून अजून दोन पदार्थ बंद होतील. रक्तातून फूड सेन्सिटिव्हिटी सांगणारी आयजीजी टेस्ट विकतात तीही नको, तुम्ही काय खाता एवढंच ती सांगते.

राहिला तुमचा प्रश्न, तुमचंच चुकतंय का. नाही हो. पण "तुम्ही खातच नाही" असं रोज म्हणून ते खाणार नाहीत, घाबरलेत ते. ७१ व्या वर्षी लाल अक्षरात रिपोर्ट आला आणि कोणी दहा मिनिटं बसून समजावून सांगितलं नाही, मोबाईलने सांगितलं. त्यांना सायन्स आवडतं ना, मग सायन्सच द्या हातात: वही घ्या, दर रविवारी वजन, रोज काय खाल्लं, गॅस किती, शौच कितीदा, कुठला पदार्थ परत आणला. ती वही त्यांनीच लिहायची, तुम्ही नाही. आणि जेवायला एकत्र बसा, त्यांचं वेगळं तुमचं वेगळं असलं तरी, एकटा माणूस कमी खातो.

डॉक्टरकडे जाऊन आलात की कळवा काय म्हणाले, आणि मॅग्नेशियमचा डबा बंद केल्यावर सकाळच्या फेऱ्या कितव्या दिवशी थांबल्या तेही.